मुलांच्या मनाचं लेखाशीर्ष

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरला आणि शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या शाळा पुन्हा भरू लागल्या. त्या आठवड्यात एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मी मुलांना चित्रं काढायला सांगितली होती. भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीला पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती. पोषण आहाराचा तांदूळ भिजून आंबला होता आणि त्याचा वास वर्गातून जात नव्हता. मुलांनी घरं काढली, बोटी काढल्या, आभाळात हेलिकॉप्टर काढलं. चौथीतल्या एका मुलीने एक खुंटा काढला, खुंट्याला दावं काढलं आणि कागद माझ्या हातात दिला. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं.

"म्हस कुठाय गं?" मी विचारलं.

"आबांनी दावं सोडलं बाई. मग ती गेली."

पाणी गोठ्यात शिरलं की जनावराचं दावं सोडतात. पोहून कुठेतरी कडेला लागेल, ही आशा असते. त्यांची म्हैस परत आली नाही. पुढे तीन महिने ही मुलगी रोज तिन्हीसांजेला रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायची, हे तिच्या आईने मला नंतर सांगितलं. शाळेत ती कुणाशी भांडत नव्हती. तिची वही पूर्ण असायची, हजेरीही पूर्ण असायची. त्यामुळे तिला काही झालंय, असं कुणाला वाटलं नाही.

त्याच दिवसांत शासनाच्या मदतीचा तक्ता मी पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचला. आपत्ती प्रतिसाद निधीच्या तेव्हाच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागे ३०,००० रुपये, शेळी-मेंढीमागे ३,००० रुपये आणि कोंबडीमागे ५० रुपये होते. घर पाण्यात गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी १,८०० आणि भांड्यांसाठी २,००० रुपये होते. त्याशिवाय राज्याने त्या वर्षी पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये सानुग्रह अनुदान दिलं. यातला एकही आकडा मला अनाठायी वाटला नाही. कधीतरी, कुणीतरी कोंबडी मोजली, तिच्या जाण्याने गरीब घराचं काय नुकसान होतं ते कागदावर मांडलं, म्हणून तक्त्यात कोंबडीची ओळ आली. त्या मुलीसाठी ओळ नव्हती, कारण तिचं नुकसान कुणी मोजलंच नव्हतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीनंतरच्या मनोसामाजिक आधाराबद्दल डिसेंबर २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. सूचना होती, दर नव्हता. आणि ज्याला दर नाही, त्याचा धनादेश निघत नाही.

मी बारा वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. नंतर मानसशास्त्र शिकून जयसिंगपुरात मुलांसाठी समुपदेशनाचं काम सुरू केलं. २०१९ नंतर या कामाला आणखी एक जोडलं गेलं. मी दरवर्षी राज्याचा अर्थसंकल्प वाचू लागले. मुलांच्या मनाचं काम करणाऱ्या बाईने आकड्यांच्या पुस्तकात का शिरावं, असं मला पुष्कळांनी विचारलं. उत्तर त्या रिकाम्या दाव्यात आहे. ओळ कशी जन्माला येते, हे मला समजून घ्यायचं होतं.

एका मुलाचे पाच तुकडे

सरकारच्या प्रत्येक रुपयाला एक पत्ता असतो. त्याला लेखाशीर्ष म्हणतात. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२३५ म्हणजे सामाजिक सुरक्षा व कल्याण, २२३६ म्हणजे पोषण, २२४५ म्हणजे नैसर्गिक आपत्तीतलं साहाय्य. हे क्रमांक पाठ करण्याची वाचकांना गरज नाही. पण त्यांच्यामुळे काय होतं, ते आपल्या गावातल्या एका मुलावर ठेवून पाहा. त्याचं पुस्तक एका शीर्षातून येतं आणि दुपारची खिचडी दुसऱ्या. गोवराची लस तिसऱ्या शीर्षातून येते. वडील गेले, तर बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये चौथ्यातून येतात आणि घरात पाणी शिरलं, तर मदत पाचव्यातून. पाच पत्ते आणि त्यांना जोडलेली वेगवेगळी खाती, वेगवेगळे अधिकारी. मूल मात्र एकच. त्याची भीती, त्याचं दुःख, त्याचा न लागणारा डोळा यांपैकी कुठल्याच पत्त्यावर राहत नाही.

शिक्षण खातं म्हणतं, हा आरोग्याचा विषय. आरोग्य खातं म्हणतं, मूल शाळेत आहे, शाळेने पाहावं. महिला व बालविकास खात्याकडे अनाथ, निराधार आणि संकटात सापडलेली मुलं येतात, आणि घरात आई-बाप असलेली, शाळेत नियमित येणारी, गप्प झालेली मुलगी त्यांच्या व्याख्येत बसत नाही. कुणी दुष्टपणे तिला वगळलेलं नाही. आखणीच अशी आहे की ती दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभी राहते.

केंद्र सरकार २००८-०९ पासून अर्थसंकल्पासोबत मुलांवरच्या खर्चाचं वेगळं विवरणपत्र देतं. वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला मुलांचा पैसा त्यात एका ठिकाणी वाचता येतो. हे पाऊल मोलाचं आहे, कारण मोजणी सुरू झाली की मागणी करता येते. अशा विवरणपत्रांकडे पाहताना शिक्षण, आरोग्य, विकास आणि संरक्षण असे चार कप्पे पाडण्याची पद्धत आहे. माझं म्हणणं इतकंच की, मानसिक आरोग्याची ओळ या चारही कप्प्यांत हरवता कामा नये. ती वेगळी दिसली पाहिजे.

भाषणातून शाळेपर्यंत

राज्याच्या अर्थसंकल्पाने मुलांसाठी काही केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. मार्च २०२३ चं भाषण मी हातात पेन्सिल घेऊन वाचलं होतं. त्यात लेक लाडकी योजना होती. पाचवी ते सातवीच्या शिष्यवृत्तीची वार्षिक रक्कम १,००० वरून ५,००० आणि आठवी ते दहावीची १,५०० वरून ७,५०० रुपये झाली. प्राथमिक शिक्षणसेवकांचं मानधन ६,००० वरून १६,००० झालं. अंगणवाडी सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५०० झालं. सहा हजारांत घर चालवणारा तरुण शिक्षक कोणत्या मनाने वर्गात उभा राहतो, ते मी जवळून पाहिलं आहे. त्याच्या मानधनात झालेली वाढ हीसुद्धा मुलांच्या मानसिक आरोग्यावरचीच तरतूद आहे, असं मी मानते.

लेक लाडकी योजनेने मला आणखी एक धडा दिला. भाषणात जन्माच्या वेळी ५,०००, पहिलीत ४,०००, सहावीत ६,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० असे टप्पे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला, तेव्हा पहिलीचे ६,००० आणि सहावीचे ७,००० झाले होते आणि एकूण बेरीज १,०१,००० वर गेली होती. म्हणजे भाषण हा शेवटचा शब्द नसतो. मार्च आणि ऑक्टोबर यांच्या मधल्या काळात आकडे हलतात. तिथे बोलणारं कुणी असलं, तर वाढतातही.

भाषणानंतरचा प्रवास मात्र लांबचा आहे. आधी शासन निर्णय निघायला हवा. मग बीम्स या शासनाच्या निधीवाटपाच्या संगणकप्रणालीवर निधी वितरित व्हायला हवा. तो आयुक्तालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून शाळेच्या खात्यावर पोचतो. समग्र शिक्षा योजनेत शंभराच्या आत पट असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट तिसाच्या आत असला तर त्याहून कमी. या पैशांत खडू, फळा, स्वच्छतागृहाची डागडुजी, किरकोळ दुरुस्ती सगळं भागवायचं. एका मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं, "बाई, पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतात आणि ३१ तारखेपर्यंत खर्च दाखवायचा असतो. तेवढ्या दिवसांत मी रंग विकत घेऊ शकतो, खुर्च्या घेऊ शकतो. मुलांशी बोलणारं माणूस कुठून आणू?"

त्यांचा हा प्रश्न मी पुढे कितीतरी कागदांवर ठेवून पाहिला आणि त्यात मला सगळ्या अडचणीचं मूळ दिसलं.

वस्तू आणि माणूस

२०१७-१८ पासून राज्याचा खर्च अनिवार्य आणि कार्यक्रम अशा दोन भागांत मांडला जातो. पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरचं व्याज हे अनिवार्य खर्चात येतं आणि योजना कार्यक्रम खर्चात. मुलांसाठी गणवेश, टॅब, सायकल, सीसीटीव्ही घ्यायचे असतील, तर ती योजना होते. ती जाहीर करता येते, वाटता येते, तिचा फोटो काढता येतो. माणूस घ्यायचा असेल, तर पद निर्माण करावं लागतं. पद म्हणजे आकृतिबंध, वित्त विभागाची संमती, सचिव समितीची मान्यता आणि पुढची तीस वर्षं चालणारा खर्च. त्यामुळे जिथे माणूस लागतो, तिथे आपण अकरा महिन्यांचा कंत्राटी करार करतो किंवा एखादं दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन शिक्षकांच्याच खांद्यावर आणखी एक जबाबदारी टाकतो.

मुलाचं मन या हिशेबात बसत नाही. त्या चौथीतल्या मुलीशी माझ्या सहा बैठका झाल्या. पहिल्या तीन बैठकांत ती काही बोलली नाही. मी तिच्या शेजारी बसून नुसती मातीची जनावरं करायची. चौथ्या वेळी तिने माझ्या बैलाला दावं बांधलं. पाचव्या वेळी मी तिच्या आबांना बोलावून घेतलं. तो सत्तरीचा माणूसही पूर आल्यापासून त्या म्हशीबद्दल एक शब्द बोलला नव्हता. त्या दिवशी नातीला म्हणाला, "सोडलं म्हणून ती पवली तरी, बाळ. बांधून ठेवली असती तर माझ्या डोळ्यांदेखत गेली असती." मुलीला वाटत होतं की, आबांनी म्हशीला हाकलून दिलं. दोघं खूप रडली. त्यानंतर ती गोठ्यात एकटी जाऊन बसेनाशी झाली.

यात औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. होतं ते एवढंच की, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला तेच माणूस पुन्हा येत होतं. मूल विश्वास ठेवायला वेळ घेतं. अकरा महिन्यांच्या कराराचे पहिले तीन महिने मंजुरीत आणि शेवटचे दोन मुदतवाढीच्या काळजीत गेले, तर विश्वासाला वेळ उरत नाही.

आमच्या तालुक्यात या कामाची गरज मी अंदाजाने सांगत नाही. वारणा हरिपूरला कृष्णेत मिसळते, पंचगंगा नृसिंहवाडीला येऊन मिळते आणि दक्षिणेच्या हद्दीवर दूधगंगा आहे. एवढ्या नद्यांचं पाणी अंगावर घेणाऱ्या शिरोळने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. इथल्या मुलांना सांगलीच्या आयर्विन पुलाची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी पाढ्यांसारखी पाठ असते. राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूटही. जुलैत आभाळ भरून आलं की शाळेत पोटदुखीच्या तक्रारी वाढतात. पहिली-दुसरीतली मुलं अंथरूण ओलं करू लागतात. मोठी चिडतात. काही दप्तर भरून उंचावर ठेवतात आणि पुन्हा पुन्हा उठून ते बघतात. आमच्याकडे आयाबाया म्हणतात, "पोरगं भ्यालंय." मग अंगारा लावतात, मीठ-मोहरी ओवाळून टाकतात, रात्री कुशीत घेऊन झोपतात. त्यांचं निदान अगदी बरोबर आहे. लोकांच्या भाषेत या दुखण्याला नाव आहे. शासनाच्या पत्रकात ते अजून यायचं आहे.

फडावरची मुलं

ऊस हा या तालुक्याचा श्वास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात आणि शिवारात कोपी उभ्या राहतात. त्यांच्यासोबत मुलंही येतात. ज्या महिन्यांत वर्गात दुसरं सत्र चालू असतं, त्या महिन्यांत ही मुलं फडात धाकट्या भावंडांना सांभाळत असतात किंवा वाढं गोळा करत असतात.

राज्याने यांच्यासाठी विचार केलेला आहे. जून २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेला मंजुरी मिळाली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकाची क्षमता १००, असं ते नियोजन. त्याआधीपासून साखरशाळा चालल्या, हंगामी वसतिगृहं चालली, शाळा बदलताना सोबत न्यायचं शिक्षण हमी पत्रक आलं. मी या सगळ्यांची बाजू घेते. पण आई-बाप पाच-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे आणि आठ वर्षांचं लेकरू गावाकडच्या वसतिगृहात, ही त्याच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट आहे, ती फक्त कॉट आणि गादीच्या दरात मोजता येत नाही. आणि जी मुलं आई-बापांबरोबर आमच्याकडे येतात, ती नव्या शाळेत मागच्या बाकावर बसतात. वर्ग त्यांच्या बोलीला हसतो. महिनाभरात ती शाळेत येणं थांबवतात आणि हजेरीपटावर "स्थलांतरित" असा शेरा पडतो. एका कोपीतल्या मुलाला मी विचारलं होतं, "शाळेत का येत नाहीस?" तो म्हणाला, "तिथं मला कुणी नावानं हाक मारत न्हाई." त्याला नावाने हाक मारणारं एक माणूस, ही त्या शाळेची सर्वांत निकडीची तरतूद होती.

आजची शिडी

मग आज एखादं मूल खचलं, तर आमच्याकडे कुठे न्यायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. त्यात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता, वाढीतला विलंब हे सगळं त्यांना पाहायचं असतं. एका दिवसात शाळा उरकायची असते. त्यांच्यासमोर मूल जीभ दाखवतं, मन दाखवत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, पण त्याचा मुक्काम जिल्ह्याच्या ठिकाणी. शिरोळच्या कुटुंबाला त्यासाठी कोल्हापूरला सीपीआर रुग्णालय गाठावं लागतं. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं नागपूर, ठाणे, पुणे आणि रत्नागिरी अशी चार. त्यातलं रत्नागिरीचं १८८६ पासून उभं आहे. ती गंभीर आजारासाठी. त्यांचं नाव काढलं तरी आई-बाप हादरतात आणि साध्या भीतीचा विषयही घरातच दाबून टाकतात.

१० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक सुरू आहे आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही आकडे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिले जावेत. अडचणीच्या रात्री ते जीव वाचवू शकतात. पण सहावीतल्या मुलीजवळ स्वतःचा फोन नसतो, आणि असला तरी पलीकडच्या अनोळखी आवाजाशी बोलायला आधी ओळखीच्या माणसाने धीर द्यावा लागतो.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठली ना कुठली मानसिक अडचण असल्याचं आढळलं. पंचेचाळीसच्या वर्गात अशी तीन मुलं. या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १३,०४४ विद्यार्थी आत्महत्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या होत्या. सर्व राज्यांत सर्वाधिक. म्हणजे आपल्या मुलांचा जीव गेल्यावरची मोजणी आपल्याकडे आहे. जीव घुसमटत असतानाची मोजणी नाही. अर्थसंकल्पात मला पहिली मागणी करायची आहे ती राज्याने स्वतःच्या मुलांचं असं सर्वेक्षण तालुका पातळीवर करण्यासाठी. मोजल्याशिवाय कोंबडीचीही ओळ आली नव्हती.

साडेतीन पैशांच्या आत

दुसरी मागणी माणसाची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा त्याने प्रत्येकाचा हक्क मानला आणि मुलांसाठीच्या सेवा त्यात स्पष्टपणे धरल्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्यात सांगितलं आहे. शिरोळच्या वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या खाली आहे. त्यांना "रीतसर जोडून घ्या" म्हटलं, तरी जोडायला जवळ कुणी असावं लागतं.

यासाठी नवी चौकट उभारण्याची गरज नाही. आपल्याकडे केंद्रशाळेची रचना १९९४ पासून आहे. जवळजवळच्या काही शाळांचं एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं आहेत. प्रत्येक केंद्राला एक पूर्णवेळ, कायम समुपदेशक द्यावा, असं मी म्हणते. त्याने सोमवारी एका शाळेत, मंगळवारी दुसऱ्या शाळेत जावं. त्याचा वार मुलांना पाठ व्हावा. शिक्षकांना त्याच्याशी बोलता यावं. पूर आला तर त्याने छावणीत मुक्काम करावा आणि हंगाम सुरू झाला की कोपीवर जावं.

खर्चाचा हिशेब मी वहीत मांडला आहे. महिन्याला ४०,००० रुपये वेतन धरलं, तर एका समुपदेशकाचे वर्षाला ४,८०,००० रुपये होतात. ४,८६० जणांचे होतात २३३ कोटी २८ लाख. मार्च २०२५ मध्ये सादर झालेल्या राज्याच्या अर्थसंकल्पाचा एकूण आकार ७,००,०२० कोटी रुपये होता. म्हणजे राज्य जे शंभर रुपये खर्च करतं, त्यातले साडेतीन पैसेसुद्धा लागत नाहीत. मला माहीत आहे की, त्याच अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट होती आणि प्रत्येक खातं आपापली गरज घेऊन दारात उभं असतं. तरीही साडेतीन पैशांची गोष्ट तुटीमुळे अडत नाही. ती अडते मागणाऱ्यांची संख्या कमी असल्यामुळे. ऊसदरासाठी या तालुक्यातला शेतकरी रस्त्यावर उतरतो, म्हणून उसाच्या दराची चर्चा मंत्रालयात होते. मुलं मोर्चा काढत नाहीत. त्यांच्या वतीने मोठ्यांनी मागावं लागतं.

तिसरी मागणी आपत्तीच्या तक्त्यात एका ओळीची. घर, जनावर, भांडी यांच्या दरांखाली "बाधित मुलांसाठी सहा महिने मनोसामाजिक आधार" अशी ओळ आणि तिच्यापुढे दर. ती आली की पुढचा महापूर आल्यावर तहसीलदारांना वर विचारत बसावं लागणार नाही.

हेरवाडने दाखवलेली वाट

गावाने मागून काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाडकडे पाहावं. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. तेरा दिवसांनी, १७ मे रोजी, राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं उदाहरण समोर ठेवायला सांगितलं. मी या ठरावाकडे मुलांच्या बाजूने पाहते. बाप गेल्याच्या दिवशी आईच्या हातातल्या बांगड्या दगडावर फुटताना ज्या मुलाने पाहिल्या, त्याच्या मनात तो आवाज वर्षानुवर्षं राहतो. मोठी झालेली माणसं माझ्यासमोर बसून तो आवाज सांगतात. हेरवाडच्या ठरावाने पुढच्या मुलांना त्यातून वाचवलं, आणि त्यासाठी तिजोरीतला एक रुपयाही लागला नाही.

ज्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचं पाऊल उचललं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला, त्या मातीत हे घडावं, यात मला नवल वाटत नाही. शाळा ही दानधर्माची बाब नसून राज्याने आपल्या तिजोरीतून पार पाडायचं कर्तव्य आहे, हे इथे शंभर वर्षांपूर्वी ठरलं आहे. मुलाला शाळेपर्यंत आणण्याचं काम तेव्हा सुरू झालं. शाळेत आलेल्या मुलाच्या मनापर्यंत जाण्याचं काम आपल्या वाट्याला आलं आहे.

दिवाळी अंकात हे लिहिण्याला कारण आहे. अर्थसंकल्प मार्चमध्ये वाचला जातो, पण त्याचे अंदाज खालच्या कचेऱ्यांतून वर जातात ते याच दिवसांत. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. ग्रामपंचायतींचे विकास आराखडे २ ऑक्टोबरपासून तयार होऊ लागतात आणि बालस्नेही गाव ही त्यातली एक मान्य संकल्पना आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखलेला असतो. या पैशांतून समुपदेशकाचं पद निघणार नाही, पण मुलांशी बोलायला एक शांत खोली, चित्रांचं साहित्य, महिन्यातून चार वेळा येणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा प्रवासखर्च नक्की निघेल. आणि मागणीला सुरुवात करायला तेवढं पुरेसं आहे.

म्हणून मी इथे ठरावाचा मजकूरच देते. कुठल्याही गावाने तो उचलावा, आपल्या शब्दांत फिरवावा.

"आमच्या गावातील मुलांची भीती, दुःख व एकटेपणा ही गावाची जबाबदारी आहे, असे ही ग्रामसभा मानते. शासनाने आमच्या केंद्रशाळेस एक कायम समुपदेशक द्यावा, आपत्तीच्या मदतीत मुलांच्या मानसिक आधारासाठी स्वतंत्र तरतूद करावी व अर्थसंकल्पात मुलांच्या मानसिक आरोग्याचा खर्च वेगळा दाखवावा, अशी ही सभा मागणी करते. तोपर्यंत ग्रामपंचायत आपल्या बालकल्याण निधीतून या कामास सुरुवात करील."

दावं काढणारी ती मुलगी यंदा दहावीत आहे. मागच्या पावसाळ्यात नदीचं पाणी चढत होतं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले होते. गोठ्यात आता दुसरी म्हैस आहे. मुलगी खुंट्याजवळ वाकून दाव्याची गाठ पाहत होती. मला म्हणाली, "बाई, ही गाठ एका हिसक्यात सुटती. आबांनी शिकवलीय." तिच्या आवाजात भीती होती, पण ती भीतीसोबत राहायला शिकली होती, कारण वेळेवर तिच्याशेजारी कुणीतरी बसलं होतं. येत्या परीक्षेत ती पेपर लिहीत असेल, त्याच सुमारास विधानभवनात पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प वाचला जाईल. तिच्या मागून येणाऱ्या मुलांसाठी त्यात एक ओळ असावी, यासाठी आपल्या हातात हे चार महिने आहेत.